कोड बार्सिलोनाचा, अंदाजपत्रक हेलसिंकीचे

२०१८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर हेलसिंकी महापालिकेने आपल्या रहिवाशांपुढे ४४ लाख युरो ठेवले. या पैशांतून शहरात काय करायचे ते तुम्ही सुचवा, मतही तुम्हीच द्या, ज्या कामांना कौल मिळेल ती आम्ही करू. उपक्रमाचे नाव ओमास्टादी. त्यासाठी उघडलेल्या संकेतस्थळाचा गाभा मात्र हेलसिंकीत लिहिलेला नव्हता. तो बार्सिलोनाहून आला होता, आणि बार्सिलोनाने आपला श्रीगणेशा माद्रिदच्या सॉफ्टवेअरवर केला होता. तीन शहरे, तीन भाषा, तीन कारभारपद्धती. कुणी कुणाकडून शिकायचे हे वरून कुणी ठरवून दिलेले नव्हते.

यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी.

एका शहरात जमलेली गोष्ट दुसऱ्या शहरात नेणे ही युरोपच्या स्मार्ट सिटी कार्यक्रमांची जुनी दुखरी नस आहे. २०१४ ते २०२० या काळात युरोपीय संघाने होरायझन २०२० या संशोधन निधीतून ‘दीपस्तंभ शहरे’ ही कल्पना राबवली. दोन-तीन शहरांनी एकत्र येऊन नवे तंत्र उभारायचे (एलईडी दिवे, सेन्सर बसवलेले खांब, जुन्या इमारतींची ऊर्जाबचत, विजेवरची वाहने) आणि सोबत जोडलेल्या अनुयायी शहरांनी ते पाहून आपल्याकडे न्यायचे. लंडन, मिलान आणि लिस्बन यांच्या मागे बोर्दो, बुर्गास आणि वॉर्सा, अशा जोड्या प्रकल्पाच्या अर्जातच लिहिलेल्या असत. अनुदानाचा मोठा वाटा दीपस्तंभांना. अनुयायांच्या पदरी मुख्यतः अभ्यासदौरे, कार्यशाळा आणि ‘आम्ही हे कसे करू’ याचे आराखडे. २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या लेखापरीक्षकांनी या कार्यक्रमावर खास अहवाल काढला. शहरांत दिसण्याजोगी कामे झाली आहेत, पण तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या कारभारामुळे ती इतरत्र पसरायला अडचण येते, असा त्याचा सूर होता. लेखापरीक्षकांच्या संयत भाषेत हे बरेच काही झाले.

आता ओमास्टादीकडे पाहू. इथे दीपस्तंभ नव्हता, नेमून दिलेला अनुयायीही नव्हता. तरी नक्कल झाली, आणि मुळापेक्षा काही बाबतींत पुढे गेली.

माद्रिदचा सदरा

मे २०११ मध्ये स्पेनच्या चौकाचौकांत तरुणांनी ठाण मांडले होते. मंदी, बेरोजगारी, घरांवरच्या जप्त्या आणि त्याहून जास्त म्हणजे राजकीय पक्षांबद्दलचा संताप. चार वर्षांनी, मे २०१५ च्या पालिका निवडणुकांत, त्या आंदोलनातून उभ्या राहिलेल्या नागरिक आघाड्या माद्रिद आणि बार्सिलोना या दोन्ही शहरांत सत्तेवर आल्या. माद्रिदला निवृत्त न्यायाधीश मानुएला कारमेना महापौर झाल्या, बार्सिलोनाला घरहक्क चळवळीतल्या आदा कोलाऊ.

कोलाऊंच्या आधीच्या बार्सिलोनाला स्मार्ट सिटी नवी नव्हती. शहरांच्या तंत्रज्ञानाचे मोठे जागतिक प्रदर्शन तिथे २०११ पासून भरते. सेन्सरची माहिती गोळा करणारे सेंटिलो हे व्यासपीठ पालिकेने २०१२ च्या सुमारास उभारले होते. नव्या कारभाऱ्यांचा प्रश्न वेगळा होता: खांबाला डोळे बसवले, पण खांब कुठे हवा हे कुणाला विचारले? २०१६ मध्ये पालिकेच्या तंत्रज्ञानप्रमुख झालेल्या फ्रान्चेस्का ब्रिया यांनी हाच मुद्दा धोरणात आणला. सार्वजनिक पैशांतून लिहिलेला कोड सार्वजनिक असावा, अशी मागणी करणाऱ्या युरोपीय मोहिमेत बार्सिलोना हे सहभागी झालेले पहिले शहर.

माद्रिदने सप्टेंबर २०१५ मध्ये ‘देसिदे माद्रिद’ सुरू केले होते. त्याखालचे सॉफ्टवेअर म्हणजे कोन्सुल. कुणीही रहिवाशाने प्रस्ताव टाकावा. १६ वर्षांवरील रहिवाशांपैकी एक टक्क्याचा पाठिंबा मिळाला की तो थेट मतदानाला जाईल. एक टक्का ऐकायला किरकोळ. माद्रिदमध्ये तो सुमारे २७ हजार सह्यांचा होता, आणि हजारो प्रस्तावांतून तो उंबरा जेमतेम दोघांनी ओलांडला. सहभागी अंदाजपत्रकाचे, म्हणजे ठरावीक पैसा कुठे खर्चायचा हे रहिवाशांनीच मताने ठरवायचे, मात्र तिथे चांगले जमले. २०१६ मध्ये ६ कोटी युरो, मग वाढवून १० कोटी. २०१७ च्या फेब्रुवारीत प्लासा दे एस्पान्या या चौकाच्या नव्या आराखड्यासह काही प्रश्नांवर झालेल्या मतदानात दोन लाखांहून जास्त लोकांनी भाग घेतला.

बार्सिलोनाला घाई होती. चार वर्षांचा पालिका कृती आराखडा लोकांसमोर ठेवायचा होता. नवे सॉफ्टवेअर लिहायला वेळ नव्हता, म्हणून माद्रिदचे कोन्सुल घेतले, थोडेफार बदलले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये संकेतस्थळ उघडले. काही आठवड्यांत १० हजारांहून अधिक प्रस्ताव जमा झाले, सुमारे ४० हजार लोक सामील झाले. हे आकडे सगळीकडे सांगितले जातात. त्यांच्यामागचा तिसरा आकडा मात्र फारसा कुणी सांगत नाही: याच काळात शहरात ४०० हून अधिक प्रत्यक्ष बैठका झाल्या. वाचनालयांत, मोहल्ला केंद्रांत, शाळांत लोक जमले, बोलले, भांडले, आणि तिथल्या सूचना संकेतस्थळावर नोंदवल्या गेल्या. म्हणजे ज्याला सगळे ‘डिजिटल लोकशाही’ म्हणून मिरवत होते तिचा मोठा भाग खुर्च्या मांडून झालेला होता. पुढे ज्या शहरांनी केवळ संकेतस्थळ उचलले आणि खुर्च्या मांडल्या नाहीत, त्यांची पाटी बहुतेक कोरीच राहिली असेल, असे मानायला मला काही अडचण वाटत नाही.

पण माद्रिदच्या मापाने शिवलेला सदरा बार्सिलोनाला काखेत घट्ट बसत होता. कोन्सुलची रचना माद्रिदच्या गरजांभोवती झालेली. बार्सिलोनाला एकाच वेळी अनेक प्रक्रिया चालवायच्या होत्या: एका रस्त्याची पुनर्रचना, एका विभागाचा आराखडा, एक शहरव्यापी धोरण. प्रत्येकीचे टप्पे वेगळे, मुदती वेगळ्या, बैठका वेगळ्या. ठिगळे लावत बसण्यापेक्षा पालिकेने सगळे पुन्हा लिहायचे ठरवले, आणि २०१७ च्या सुरुवातीला नवे सॉफ्टवेअर उभे राहिले. त्याचे नाव देसिदिम.

एकाच देशातल्या दोन शहरांनी एकाच कामासाठी दोन वेगळी सॉफ्टवेअर लिहिली. लेखापरीक्षकाच्या नजरेने ही निव्वळ उधळपट्टी. मला तसे वाटत नाही. कोन्सुलही पुढे शंभराहून अधिक सरकारी संस्थांपर्यंत पोचले, २०१८ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. दोघांनी मिळून एकच करायचे ठरवले असते तर समितीच्या बैठकांतच दोन वर्षे गेली असती, आणि २०१९ मध्ये माद्रिदमध्ये सत्तापालट होऊन नव्या कारभाऱ्यांचा या प्रयोगातला रस आटला तेव्हा बार्सिलोनाचेही अडले असते.

काय बदलता येईल आणि काय नाही

देसिदिम कसे बांधले आहे हे थोडे खोलात पाहायला हवे, कारण पुढच्या सगळ्या प्रवासाची गुरुकिल्ली तिथे आहे.

सॉफ्टवेअरचे दोन थर आहेत. एक ‘जागा’: प्रक्रिया, सभा, नागरिकांचे पुढाकार. दुसरा ‘घटक’: प्रस्ताव, बैठक, सर्वेक्षण, अंदाजपत्रकावरचे मतदान, अंमलबजावणीचा हिशेब. कोणत्या जागेत कोणते घटक कोणत्या क्रमाने लावायचे हे शहराने ठरवायचे, आणि ते ठरवायला प्रोग्रॅमर लागत नाही. पालिकेतला कर्मचारी व्यवस्थापनाच्या पानावरून ते करू शकतो. हवा तो घटक नसेल तर नवा मॉड्यूल, म्हणजे वेगळा जोडभाग, लिहून जोडता येतो, गाभ्याला हात न लावता. शिवाय एकाच सर्व्हरवर अनेक संस्था नांदू शकतात. ही शेवटची सोय बारीकशी वाटते, पण बार्सिलोना प्रांताच्या मंडळाला तिच्यामुळेच संगणक विभाग नसलेल्या लहानलहान गावांना देसिदिम पुरवता आले. लॉस्पितालेत हे बार्सिलोनाला चिकटून असलेले शहर सुरुवातीच्या वापरकर्त्यांपैकी एक. कातालोनियातल्या पालिकांचा दूरसंचारासाठीचा महासंघ लोकालरेत आणि कातालोनियाचे प्रादेशिक सरकारही लवकरच सामील झाले.

मतदार कोण हे ओळखण्याचे दार मात्र मुद्दाम उघडे ठेवले. बार्सिलोनात पालिकेच्या रहिवासी नोंदवहीशी ताडून पाहतात. दुसऱ्या शहरात अशी नोंदवही नसेल, असली तर ती राष्ट्रीय सरकारकडे असेल, किंवा कायदा ती वापरू देणार नाही. म्हणून पडताळणी हा गाभ्याचा भाग न ठेवता जोडण्याचा भाग ठेवला. स्मार्ट सिटीची कितीतरी उत्पादने नेमकी इथेच अडकतात. मूळ शहराचा कायदा आणि कागदपत्रे त्यांच्या पोटात इतकी मुरलेली असतात की ती बाहेर काढताना सगळेच उसवते.

काय बदलता येणार नाही हेही लिहून ठेवले. परवाना असा की बदललेली प्रत जो कुणी सेवा म्हणून चालवील त्याने आपले बदल जाहीर करायचे. त्याच्या जोडीला एक सामाजिक करार: लोकांनी टाकलेला मजकूर गुपचूप बदलायचा नाही, प्रत्येक प्रस्तावाचे पुढे काय झाले याचा माग लागला पाहिजे, आणि नागरिकाची खासगी माहिती उघडी पडता कामा नये. २०१९ मध्ये वापरकर्ते आणि विकासक यांची देसिदिम संघटना स्थापन झाली. प्रकल्पाची धुरा एकट्या पालिकेच्या हातून तिच्याकडे सरकली. महापौर बदलला तर काय, या प्रश्नाचे ते उत्तर होते. २०२३ मध्ये बार्सिलोनाचा महापौर बदललाच. संकेतस्थळ चालू राहिले.

हेलसिंकीची तयारी

हेलसिंकी कोऱ्या पाटीने आलेली नव्हती. २०१२ मध्ये तिथल्या नव्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या आखणीत एक लाख युरोंचा सहभागी अंदाजपत्रकाचा प्रयोग झाला होता. (ते ग्रंथालय, ओदी, डिसेंबर २०१८ मध्ये खुले झाले.) तरुणांसाठी रूती नावाचा अंदाजपत्रकाचा उपक्रम चालू होता. पालिकेच्या निर्णयांची कागदपत्रे संगणकाला वाचता येतील अशा रूपात खुली होती. आणि बार्सिलोनाशी ओळखही होती: २०१३ ते २०१६ या काळात युरोपीय निधीतून चाललेल्या डी-सेंट नावाच्या प्रकल्पात हेलसिंकी, रेक्याविक, बार्सिलोना आणि माद्रिद इथले गट एकत्र काम करत होते. ब्रिया त्याच प्रकल्पाच्या समन्वयक होत्या. डी-सेंटने घडवलेली बरीचशी साधने प्रकल्पाबरोबरच मागे पडली. माणसांच्या ओळखी मात्र टिकल्या, आणि हिशेबाच्या रकान्यात त्या कुठेच दिसत नाहीत.

जून २०१७ मध्ये हेलसिंकीची कारभारपद्धती बदलली: अनेक खात्यांचे चार मोठे विभाग झाले, महापौराचे पद राजकीय झाले. त्याच सुधारणेत नागरिक सहभागाचे प्रारूप मंजूर झाले आणि सहभागी अंदाजपत्रक त्यात आले. म्हणजे सॉफ्टवेअर शोधायच्या आधी पैसा, परिषदेचा ठराव आणि जबाबदार विभाग, तिन्ही ठरलेले होते. सात विभागांसाठी सात संपर्क अधिकारी नेमले, व्यावसायिकांसाठी आणखी तिघे. त्यांचे काम टेबलाशी बसायचे नव्हते. आपल्या विभागात हिंडायचे, लोकांना गाठायचे, योग्य खात्यापर्यंत पोचवायचे.

मग सॉफ्टवेअर. रिकामे देसिदिम उभे करायला विकासकाला फार वेळ लागत नाही. दोन-चार आज्ञा, डेटाबेस, आणि कोरे संकेतस्थळ समोर येते. हेलसिंकीसाठी काम करणाऱ्या माइनिओ टेक या फिनिश कंपनीचे खरे काम त्यानंतर सुरू झाले.

पहिली गोष्ट ओळख पटवण्याची. फिनलंडमध्ये सरकारी सेवांसाठी सुओमी डॉट एफआय ही राष्ट्रीय ओळखसेवा आहे. बँकेच्या ऑनलाइन खात्याने तिथे प्रवेश मिळतो आणि माणूस कुठल्या पालिकेचा रहिवासी, वय काय, हे तिथून कळते. त्यासाठी मॉड्यूल लिहिला. मतदानाचे वय होते १२ वर्षे, आणि बाराव्या वर्षी सगळ्यांची बँकेची ओळखपत्रे नसतात, म्हणून शाळांतून वेगळी सोय करावी लागली. ज्यांच्याकडे फिनिश बँकेची ओळखच नाही अशांसाठी, विशेषतः नव्याने आलेल्या स्थलांतरितांसाठी, प्रत्यक्ष जागी जाऊन मत देण्याची व्यवस्था ठेवली.

दुसरी गोष्ट भाषेची. फिनिश आणि स्वीडिश कायद्यानेच लागतात, इंग्रजी सोयीसाठी. मूळ कातालान प्रक्रियेतून आलेल्या संज्ञा फिनिश कारभारात जशाच्या तशा बसेनात, तेव्हा कोणत्याही शहराला संकेतस्थळावरचे शब्द व्यवस्थापनाच्या पानावरूनच बदलता यावेत असाही मॉड्यूल तयार झाला. दृष्टी अधू असणाऱ्यांना संकेतस्थळ वापरता यावे यासाठी बरीच दुरुस्ती झाली. सार्वजनिक संकेतस्थळांच्या सुलभतेबाबतचा युरोपीय निर्देश तेव्हा अमलात येत होता, त्यामुळे ते टाळताही येण्याजोगे नव्हते.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्रस्ताव आणि मतदान यांच्या मध्ये घातलेला एक अख्खा टप्पा.

समजा हेलसिंकीच्या मेलुंक्युला भागातल्या एका आजीबाईने लिहिले, ‘दुकानाच्या वाटेवर पाठ टेकता येईल असे बाक हवेत.’ पालिकेचा तज्ज्ञ पाहतो: जागा पालिकेची आहे का, काम पालिकेच्या अखत्यारीतले आहे का. उत्तर नाही असेल तर कारण त्याच पानावर लिहायचे, नाव-गाव नसलेल्या पत्राने कळवायचे नाही. हो असेल तर कार्यशाळा भरते. तिथे त्याच भागातला दुसरा कुणी पायवाटेवर दिवे मागत असतो, तिसरा हिवाळ्यात बर्फावर पाय घसरू नये म्हणून वाळू टाकायची मागणी घेऊन आलेला असतो. तिघांचे मिळून एक ‘नियोजन’ तयार होते. खर्चाचा अंदाज पालिकेचा माणूस बसल्या जागी सांगतो, आणि तो ऐकून निम्म्या कल्पनांचा आकार बदलतो. देसिदिममध्ये प्रस्तावातून नियोजन असा टप्पा नव्हताच. हेलसिंकीने तो लिहून घेतला आणि मॉड्यूल म्हणून खुला केला.

या कार्यशाळांसाठी पालिकेने एका डिझाइन संस्थेकडून पत्त्यांचा खेळ करून घेतला होता. टेबलाभोवती बसायचे, पत्ते उलगडायचे, कल्पना कुणासाठी, कुठे, कुणाला त्रास होईल, हे एकेका पत्त्याने पुढे न्यायचे. पोरखेळ वाटेल. पण बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचेच चालते, हा अनुभव कुठल्याही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला गेलेल्याला आहे. खेळात पाळी प्रत्येकाची येते. बार्सिलोनातल्या खुर्च्यांच्या जागी हेलसिंकीने पत्ते ठेवले, असे म्हणता येईल. साधन वेगळे, काम तेच.

निकाल

पहिल्या फेरीत सुमारे १,२७० प्रस्ताव आले. त्यांतले ८०० च्या वर छाननीत टिकले आणि त्यांची जवळपास ३०० नियोजने झाली. रकमेतला एक भाग संपूर्ण शहरासाठी होता, उरलेला विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलेला, त्यामुळे एका सधन भागाने सगळे पळवायची भीती नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये मतदान झाले. जवळपास ५० हजार लोकांनी मत दिले, पात्र रहिवाशांच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास, आणि ४४ नियोजने निवडून आली. बागा, खेळाच्या जागा, झाडे, बाक अशी बरीच. ज्यांना क्रांती हवी होती त्यांची निराशा झाली असणार.

टीका करायला जागा भरपूर आहे. ४४ लाख युरो म्हणजे हेलसिंकीच्या वार्षिक अंदाजपत्रकाचा साधारण ०.१ टक्का. एवढ्यासाठी सातदहा अधिकारी, शेकडो तज्ज्ञांचे तास आणि एक सॉफ्टवेअर? माद्रिदने ऐन भरात याच्या वीसपट रक्कम लोकांपुढे ठेवली होती. शिवाय एवढे प्रस्ताव एकदम तपासताना पालिकेच्या यंत्रणेची दमछाक झाली. पुढच्या फेरीसाठी दोन वर्षांची रक्कम एकत्र करून ८८ लाख केली आणि मुदती सैल केल्या, त्यामागे हे कारण होतेच.

तरीही मी या प्रकरणाला यशस्वी म्हणतो, ते एका कारणासाठी. अधिकाऱ्याला नागरिकाने टाकलेल्या सूचनेला उघड पानावर उत्तर द्यावे लागले, आणि फेरीमागून फेरी ते चालू राहिले. दीपस्तंभ प्रकल्पांत अनुदान संपल्यावर काय उरते हा कळीचा प्रश्न असतो. इथे अनुदान नव्हतेच, त्यामुळे ते संपायचाही प्रश्न नव्हता. खर्च पहिल्या दिवसापासून पालिकेच्या स्वतःच्या खात्यातून होता.

आता गंमत पाहा. शहरव्यापी सहभागी अंदाजपत्रक खुद्द बार्सिलोनाने केव्हा केले? जाहीर झाले २०२० च्या सुरुवातीला, ७.५ कोटी युरोंचे. मग कोविड आला, रक्कम ३ कोटींवर आली आणि मतदान झाले जून २०२१ मध्ये. ७६ कामे निवडली गेली. म्हणजे ज्या शहराने साधन घडवले त्याच्याआधी दीड-दोन वर्षे हेलसिंकी ते या कामासाठी शहरभर वापरून मोकळी झाली होती.

आकार वाढला तेव्हा

पुढचा प्रवास भराभर सांगतो. फिनलंडमध्येच टाम्पेरे आणि लाहती यांनी देसिदिम घेतले, आणि त्यांना माइनिओ टेकचे फिनिश मॉड्यूल तयारच मिळाले. हेलसिंकीने केलेला खर्च त्यांचा वाचला. झुरिकने एका मोहल्ल्यातल्या छोट्या प्रयोगानंतर शहरासाठी वापरले. फ्रान्समध्ये शहरांबरोबरच संसदेच्या दोन्ही सभागृहांची याचिका-संकेतस्थळे याच सॉफ्टवेअरवर उभी आहेत. २०२५ च्या जुलैत शेतीविषयक दुप्लोंब कायद्याविरुद्धच्या याचिकेवर तिथे २० लाखांहून जास्त सह्या पडल्या. कोडने तो भार सोसला. नियमांनी काय दिले? पाच लाखांच्या पुढे, ठरावीक संख्येच्या जिल्ह्यांतून सह्या असल्या, तर सभागृहात चर्चा घेता येते. कायदा पुन्हा मताला टाकायचे बंधन नाही.

सर्वांत मोठा प्रयोग युरोपीय संघाचा. एप्रिल २०२१ मध्ये ‘युरोपच्या भवितव्याची परिषद’ हिचे व्यासपीठ खुले झाले ते देसिदिमवर होते, २४ भाषांत, यंत्रानुवादासह. एस्टोनियन माणसाने लिहावे आणि पोर्तुगीज माणसाने आपल्या भाषेत वाचून उत्तर द्यावे, ही तांत्रिकदृष्ट्या खरेच मोठी मजल होती. मे २०२२ मध्ये परिषद संपली, ४९ प्रस्ताव निघाले, आणि त्यांतल्या ज्यांना मूळ करारांत बदल लागतो ते सदस्य राष्ट्रांच्या टेबलावर जाऊन थांबले.

मेलुंक्युलाच्या बाकांपाशी आणि युरोपच्या परिषदेत कोड एकच आहे. फरक एवढाच, की बाकांसाठी ठरलेली रक्कम होती आणि ठरलेली तारीख.

पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातल्या कामांच्या सूचना मागवून त्या अंदाजपत्रकात घेतल्या जातात, हे मराठी वाचकांतल्या पुणेकरांना ठाऊक असेल. पदपथ, बाक, बसथांबे, दिवे अशी ठरावीक रकमेपर्यंतची कामे. म्हणजे परंपरेने पुणे हेलसिंकीला बारा वर्षांनी वडील आहे. हेलसिंकीकडून तिथे न्यायचेच असेल तर माझ्या मते सॉफ्टवेअर शेवटी न्यावे. आधी तो मधला टप्पा न्यावा: अर्ज देणारा आणि खर्चाचा अंदाज करणारा अभियंता एका टेबलाशी, आणि नकार असेल तर त्याचे कारण सगळ्यांना दिसेल अशा जागी.

देखभालीचा प्रश्न

या गोष्टीची एक बाजू अजून सुटलेली नाही. देसिदिमचा गाभा सतत पुढे सरकतो. नव्या आवृत्त्या येतात, सुरक्षेतल्या त्रुटी बुजवल्या जातात. ज्या शहराने स्वतःचे मॉड्यूल जोडले त्याला प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तेही दुरुस्त करावे लागतात. मॉड्यूल जितके जास्त तितके हे काम जास्त. हेलसिंकीसारख्या शहराला हे परवडते, कारण तिथे कंत्राट चालू आहे आणि काम जाणणारी माणसे आहेत. लहान शहर एकदा उभे करते, फेरी पार पाडते, आणि मग जुन्याच आवृत्तीवर राहते. पुढच्या फेरीला कुणी उघडते तेव्हा उडी मारायचे अंतर इतके वाढलेले असते की नवे सॉफ्टवेअर विकत घ्यायचा मोह होतो, आणि परवाना शुल्क मागणाऱ्या खासगी कंपन्या तेव्हा दारात उभ्याच असतात.

संघटनेकडे यावर अर्धे उत्तर आहे. जास्त वापरात असलेले मॉड्यूल गाभ्यात सामावून घ्यायचे, म्हणजे त्यांची देखभाल सगळ्यांच्या वाट्याला येते. पण गाभ्यात काय घ्यायचे हे ठरवायला चर्चा लागते, आणि गाभा सांभाळायला पैसा. तो पैसा मुख्यतः बार्सिलोना आणि कातालोनियातल्या सार्वजनिक संस्थांकडून आणि काही भागीदारांच्या वर्गणीतून येतो. सॉफ्टवेअर फुकट वापरणाऱ्या शेकडो संस्थांपैकी देखभालीला हातभार लावणाऱ्या थोड्या. परवान्यानुसार बदल जाहीर करणे बंधनकारक आहे, वर्गणी देणे नाही.